बिलूच्या हातचं मोरचूद

चौथ्या तानपुऱ्यातही काही निघालं नाही, तेव्हा मुनाफभाईंनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या कोपऱ्यात, पारदर्शक प्लास्टिकचा तंबू उभारला होता. आत टेबलावर तानपुऱ्याचा भोपळा तोंड उघडं टाकून पडला होता. शेजारी त्याची तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसवलेली लाकडी फळी, आणि गुंडाळी करून ठेवलेल्या चार तारा. सकाळी रिक्षातून आणताना रस्त्याच्या खड्ड्यांनीही झंकारणारं वाद्य दुपारी बारापर्यंत लाकूडफाटा होऊन बसलं होतं.

"तांबं भरपूर. जिवंत शून्य," डॉक्टर मगदूम पडद्यावरचं वाचून म्हणाल्या. त्या यंत्राचं कागदोपत्री नाव बुरशीवाचक. प्रयोगशाळेतली मंडळी त्याला 'हुंग्या' म्हणत, कारण जेवणाच्या डब्याएवढ्या त्या खोक्यात चिमूटभर धूळ घातली, की तिच्यात तांबं किती, कुठल्या बुरशीचे कण आहेत, ते कुठल्या गोतातले, जिवंत की मेलेले, त्यांच्या पोटात विषाणू आहे का, हे तो पाच मिनिटांत हुंगून सांगे.

"मोरचूद," बिल्किस म्हणाली.

"हौ. अब्बांचं मोरचूद." मुनाफभाईंनी तबली उलटी केली. आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. "बघ. 'ता. ३ मार्च १९७९. भोपळा नं. ८८, मंगळवेढा. मोरचूद दोन हात.' दोन हात म्हणजे दोन हात. बासष्ट वर्षं झाली, किडा शिवला न्हाई."

अशा वेळीही त्यांच्या आवाजात बापाचा अभिमान होता. तो ऐकून बिल्किसनं नजर वळवली. भोपळ्याच्या आतली ती फिकट निळी झाक तिला बघवेना.

मिरजेला दोन गोष्टींचं भारी कौतुक: दवाखाने आणि तंतुवाद्यं. शिकलगारांच्या घरानं दोन्ही सांभाळलं होतं. दस्तगीर शिकलगार तानपुरे घडवत. थोरला मुलगा मुनाफ त्यांच्या गादीवर बसला, आणि धाकटी बिल्किस दवाखान्याच्या प्रयोगशाळेत लागली ती चाळीस वर्षं बुरशा वाढवत, मोजत आणि ओळखत राहिली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी अडलं की डॉक्टर मगदूम "बिल्किसताई, जरा येता का?" असा फोन करत. या वेळी मात्र फोन बिल्किसनं केला होता. कारण तिसऱ्या मजल्यावर, काचेच्या खोलीत, मुनाफभाईंची मुलगी रेहाना होती.

रेहाना छत्तीस वर्षांची. गल्लीत तानपुऱ्याच्या कामाला बसलेली पहिली बाई. डिसेंबरात तिला फ्लू झाला, तो छातीत उतरला, त्यासाठी जबर औषधं द्यावी लागली, आणि अंगातली ताकद उतरलेली बघून बुरशीनं डाव्या फुप्फुसात बिऱ्हाड केलं.

ही बुरशी काही परग्रहावरून येत नाही. ती मातीत असते, पाचोळ्यात, भिंतीच्या ओलीत, पोत्यातल्या धान्यात असते. आपण सगळेच रोज तिचे शेकडो कण श्वासाबरोबर आत घेतो आणि धडधाकट शरीर ते मुकाट्यानं निस्तरून टाकतं. संधी मिळाली तरच ती पाय पसरते. तिच्यावर पूर्वी हमखास लागू पडणाऱ्या औषधांचं एक घराणं होतं. पण त्याच घराण्यातली औषधं द्राक्षांच्या मांडवांवर फवारली गेली, आल्याच्या पिकावर फवारली गेली, भिंतींच्या रंगांत मिसळली गेली. कुणाचा काही दुष्टावा नव्हता. द्राक्ष टिकायला हवं होतं आणि भिंतही टिकायला हवी होती. मातीतली बुरशी मात्र वर्षानुवर्षं ते औषध चाखत शहाणी झाली. तिनं आपल्या अंगात बारीक बारीक पंप बसवून घेतले. औषध आत शिरलं, की पंप ते बाहेर फेकून देत. दवाखान्यात रोग्याला गोळी द्यावी, तर ती बुरशीच्या चांगल्या ओळखीची निघे. २०३८ पर्यंत नव्या औषधांनीही हात टेकले. रेहानाला जे चालू होतं, ते बुरशीला मारत नव्हतं, फक्त थोपवत होतं, आणि तेही जेमतेम दोन आठवडे पुरेल असं डॉक्टर म्हणाल्या होत्या.

एक आशा होती. तीन वर्षांपूर्वी एका जुन्या वनस्पती-संग्रहातल्या वाळक्या पानावर शास्त्रज्ञांना जुनी, मेलेली बुरशी सापडली आणि तिच्या पोटात एक विषाणू. माणसाला तो काही करत नाही. त्याचं सगळं आयुष्य बुरशीच्या आत. ज्या बुरशीत तो असतो, तिला ते पंप बांधताच येत नाहीत. पूर्वी हा विषाणू बऱ्याच बुरशांच्या अंगात असे. फवारे सुरू झाल्यावर त्या बिनपंपाच्या बिचाऱ्या मेल्या आणि विषाणू नसलेल्या तेवढ्या तगल्या. आता तो विषाणू पुन्हा आजच्या बुरशीत सोडता आला, तर पंप बंद पडतील आणि जुनं, साधं औषधसुद्धा काम करील. तीन-चार देशांत ते करूनही झालं होतं.

अडचण अशी, की हा विषाणू बुरशीबाहेर क्षणभर जगत नाही. दोन जिवंत बुरशांचे धागे एकमेकांना भेटून एकजीव झाले, तरच तो इकडून तिकडे जातो. आणि बुरशा सोयरीक करतात फक्त आपल्या गोतात. परदेशातून मागवलेल्या बुरशीला रेहानाच्या छातीतली बुरशी जवळ येऊ देत नव्हती. हवी होती याच मुलखातली, फवाऱ्यांच्या आधीच्या काळातली आणि अजून जिवंत असलेली बुरशी.

तानपुऱ्याची कल्पना बिल्किसचीच. मंगळवेढ्याच्या मातीत वाढलेला भोपळा, आतून वाळलेला, अंधारा, कोरडा. अब्बा तबलीला भोकं ठेवत नसत. म्हणजे पन्नास-साठ वर्षांपूर्वीची हवा आणि धूळ डबाबंद. वाळक्या जागी हे कण झोपून राहतात, दशकंच्या दशकं. सुई घालून ते निघत नाहीत. भोपळ्याच्या आतल्या गराच्या सालीत रुतलेले असतात, ते खरवडावे लागतात, आणि त्यासाठी तबली सोडवावी लागते. एकदा सोडवलेली तबली परत बसवता येते, पण आवाज पहिला राहत नाही. कारागिराला हे सांगावं लागत नाही. तरी मुनाफभाईंनी हूं की चूं न करता आठ दिवसांत चार तानपुरे स्वतःच्या हातानं सोडवले होते.

"आता?" डॉक्टर मगदूमनी विचारलं.

"आता अब्बांच्या हातचा एकच राहिला," मुनाफभाई म्हणाले. "तो न्हाई उघडायचा. रेहानाला शब्द दिलाय मी. ती म्हणाली, पप्पा, सगळे फोडा, पण बिलूफुफूचा तानपुरा ठेवा. आणि त्यात तरी काय निघणार? तिथंबी मोरचूदच."

बिलूफुफू, म्हणजे बिलूआत्या, ती बिल्किसच. हातमोजे काढून तिनं डब्यात टाकले आणि उगाचच नळाखाली खूप वेळ हात धूत राहिली.

*

बिलूफुफूच्या तानपुऱ्याची गोष्ट घरात इतक्यांदा सांगून झाली होती, की लग्नातल्या पाहुण्यांनासुद्धा ती पाठ होती.

साल १९८६. बिलू नऊ वर्षांची. भोपळा आतून कोरून झाला की त्याला मोरचूद द्यायचं, म्हणजे मोरचुदाच्या निळ्या पाण्यात बोळा बुडवून आतून दोनदा पुसायचं, म्हणजे कीड लागत नाही, बुरशी धरत नाही. हे काम पुरुषांचं. मोरचुदाचा दर्प नाकात चढतो, बोटांच्या चिरांत ते झोंबतं. पण बिलू हट्टाला पेटली आणि नोव्हेंबरातल्या एका रविवारी अब्बांनी तिच्यापुढे एक भोपळा ठेवला. "दे बघू," म्हणाले. आणि तिनं असं सुरेख दिलं, की त्या तानपुऱ्याला कधी कीड लागली नाही, आणि हुपरीच्या गोदूताईंनी तो मांडीशी घेऊन तीस वर्षं गायलं. दरवर्षी दिवाळीनंतर अब्बा स्वतः एसटीनं हुपरीला जात. न बोलावता. भोपळ्यावर बोटांनी टकटक करत, कान लावत, वास घेत आणि चहा पिऊन परत येत. इतका त्यांचा त्या वाद्यात जीव. गोदूताई गेल्यावर त्यांच्या मुलाकडून त्यांनी तो परत मागून आणला आणि दुकानात न ठेवता स्वतःच्या खाटेच्या वर टांगला. कुणी विचारलं की सांगत, "हे माझ्या बिलूच्या हातचं मोरचूद."

ही गोष्ट ऐकत रेहाना मोठी झाली. कॉलेज संपल्यावर तिनं कामाला बसायचं काढलं, तेव्हा घरात गदारोळ झाला. "बिलूफुफू नवव्या वर्षी बसल्या होत्या!" एवढं एकच ती बोलली आणि मुनाफभाईंचं तोंड बंद झालं. त्यानंतर बारा वर्षं ती भोपळे खरवडत, पुसत, त्यांची धूळ गिळत आली. रेहानाच्या छातीत बुरशी कुठून गेली, हे डॉक्टर ठामपणे सांगू शकत नव्हते. बिल्किसनं मात्र मनाशी ठरवून टाकलं होतं: भोपळ्यांतून, म्हणजे आपल्यामुळे.

कारण त्या गोष्टीत खरा होता तो फक्त भोपळा आणि नोव्हेंबरातला रविवार.

त्या सकाळी अब्बा तारा आणायला सांगलीला गेले. अम्मी स्वयंपाकघरात. समोरच्या पटवेगारांकडे आदल्या दिवशीच रंगीत टीव्ही आलेला, आणि गल्लीतली समस्त पोरंटोरं त्यांच्या ओसरीवर जमलेली. बिलूनं पहिला बोळा बुडवला, दर्प नाकात गेला, डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात ओसरीवरून आरडाओरडा ऐकू आला. नऊ वर्षांच्या पोरीनं किती तग धरावा? तिनं मोरचुदाचा वाडगा मोरीत ओतला. मोरी निळी झाली ती बादलीभर पाण्यानं धुतली. पण त्याआधी, डोकं भलतंच तल्लख असल्यामुळे, दोन्ही हात मनगटापर्यंत वाडग्यात बुडवून घेतले. मग टीव्ही बघून आली.

दुपारी अब्बा आले. "झालं?" बिलूनं दोन्ही हात पुढे केले. निळेभोर. अब्बांनी हात बघितले. भोपळा उचलला, उजेडाकडे तोंड करून आत पाहिलं, नाकाशी नेला. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत घातला. मग म्हणाले, "शाबास, बिलू."

तिला आठवत होतं की त्याच संध्याकाळी त्यांनी तबली बसवून टाकली. एरवी दोन दिवस वाळवायची रीत. गिऱ्हाईकाची घाई असेल, असं तिला वाटलं आणि हायसंही वाटलं, कारण आतून कोरा भोपळा आता कायमचा बंद झाला होता. पुढे कितीदा तरी ओठांवर आलं होतं. पण अब्बा एवढ्या कौतुकानं चारचौघांत सांगत, त्या कौतुकावर पाणी कसं ओतायचं? अब्बा गेल्यावर तर ती गोष्टच त्यांची आठवण होऊन बसली. लोकांनी आग्रह केला की बिल्किस स्वतःसुद्धा ती सांगे. नाकात दर्प कसा चढला तो भाग ती फार छान सांगे, कारण तेवढा खरा होता.

आणि आता ती चौसष्ट वर्षांची, बुरशीतली जाणती बाई. पहिला तानपुरा सोडवायच्या आधीच तिला ठाऊक होतं की मोरचुदात काही जगत नाही. ठाऊक होतं की मिरजेत एकच भोपळा कोरा आहे. तरी तिनं चार तानपुरे उघडू दिले. एखाद्यात कोपऱ्याकापऱ्यात काही जिवंत सापडलं, तर ते खोटं तसंच झाकलेलं राहील, एवढ्यासाठी. आठ दिवस. रेहानाचे आठ दिवस.

*

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली तेव्हा मुनाफभाई जमखान्यावर बसून तारा टेकायच्या एका घोडीला कानस मारत होते. हाताला काम लागतंच. मागच्या खोलीच्या दारातून अब्बांची खाट दिसत होती आणि तिच्या वर तो तानपुरा.

"भाईजान, तो उघडायला हवा."

"काल बोललो ना मी."

"त्यात मोरचूद नाही."

मुनाफभाईंनी कानस थांबवली. या घरातली भाषा अर्धी दखनी आणि अर्धी मराठी. पण भांडण पूर्वापार मराठीतच होई. "काय बोलायलीस तू?"

तिनं सगळं सांगितलं. वाडगा, मोरी, मनगटापर्यंत बुडवलेले हात. पन्नास वर्षांवर दाबून ठेवलेली गोष्ट सांगायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत, याचं तिला नवल वाटलं आणि रडू आलं.

मुनाफभाईंनी कानस खाली ठेवली. "अब्बा मरेपर्यंत सांगत होते. माझ्या लग्नात सांगितलं. मशिदीत सांगितलं. रेहाना हे ऐकून कामाला बसली, बिलू. ह्याच गोष्टीवर बसली."

"माहिती आहे मला."

"आणि आठ दिवस तू माझ्यासमोर उभी राहून चार तानपुरे..." त्यांनी हातातली घोडी बाजूला सारली. "वाद्यांचं जाऊ दे खड्ड्यात. पोरीचे दिवस गेले की गं!"

बिल्किस नुसती रडत उभी राहिली. मुनाफभाई उठले, खाटेवर चढले. सत्तर वर्षांच्या माणसानं असं चढू नये, पण बिल्किसला पुढे व्हायचा धीर झाला नाही. त्यांनी तानपुरा खाली घेतला, गवसणी घातली आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "रेहानाला तू सांगायचंस. मी दिलेला शब्द तू मोडायलीस, तर तूच सांग."

काचेच्या खोलीत फोनवरूनच बोलता येई. रेहाना उशांना टेकून बसली होती. डोळे तेवढे पूर्वीचे. बिल्किसनं काचेशी उभं राहून दुसऱ्यांदा तेच सांगितलं. सांगताना मान वर झाली नाही.

पलीकडून कसलातरी घरघर आवाज आला. तिनं घाबरून वर पाहिलं, तर रेहाना हसत होती. खोकला आणि हसू एकमेकांत अडकलं होतं.

"हात बुडवून घेतले? मनगटापर्यंत?" ती कशीबशी म्हणाली. "फुफू, काय डोकं हो तुमचं!"

"माझ्यामुळे तू त्या धुळीत बसलीस, बेटा."

"नाही हं." रेहानानं दम घेतला. "बसायचं माझ्याच मनात होतं. पप्पांच्या तोंडावर मारायला काहीतरी हवं होतं, ते तुमच्याकडून मिळालं. ते खोटं निघालं तर निघालं. उघडा तो." मग जरा वेळानं, लहान मुलीसारखं, "पण एकदा वाजवून घ्या आधी. मला फोनवर ऐकवा."

म्हणून प्रयोगशाळेत नेण्याआधी, जिन्याखालच्या बाकावर बसून, मुनाफभाईंनी तानपुरा जुळवला. घोडीवर तारेखाली रेशमाचा दोरा सरकवत त्यांनी जवारी, म्हणजे तारांचा झंकार, लावली आणि चार तारा छेडल्या. येणारे-जाणारे रोगी थांबले. एक म्हातारी काठी टेकून खालीच बसली. बिल्किसनं फोन भोपळ्याजवळ धरला होता. तो आवाज ऐकला आणि अब्बांची खाट, अम्मीच्या हातचा मसाल्याचा वास, लाखेचा धूर, ऊन पडलेली गल्ली, सगळं एकदम समोर येऊन उभं राहिलं. एवढा भरलेला, एवढा शांत आवाज तिनं दुसऱ्या कुठल्या वाद्यातून ऐकला नव्हता. पाचेक मिनिटं वाजवून मुनाफभाईंनी हात तारांवर ठेवला.

"चला," ते म्हणाले.

तंबूत पांढरा झगा घालून ते आत गेले. वाफेनं सरस मऊ करत, पातळ पातं फिरवत, घामानं डबडबून, चष्म्यावर धुकं धरलेलं असताना त्यांनी पाऊण तासात तबली सोडवली. डॉक्टर मगदूमनी ती उचलून तडक पिशवीत घातली आणि पिशवीचं तोंड बंद केलं, कारण आत काही जिवंत असेल तर ते बाहेर फिरून चालणार नव्हतं. बिल्किसनं वाकून भोपळ्यात दिवा धरला. आत निळं कुठेच नव्हतं. गव्हाच्या कोंड्याच्या रंगाचा कोरा भोपळा, नि त्याच्या तळाशी राखाडी-हिरवट डाग, तळहाताएवढा. पन्नास वर्षांत ती पहिल्यांदाच स्वतःचं खोटं डोळ्यांनी बघत होती. तिनं ते खरवडलं.

हुंग्या पाच मिनिटांऐवजी सहा मिनिटं लावतो आहे असं सगळ्यांना वाटलं. मग डॉक्टर मगदूमनी वाचलं.

"तांबं नाही. जिवंत आहे. गोत..." त्या थांबल्या. "गोत जुळतंय. विषाणू आहे. बिल्किसताई, आहे!"

मुनाफभाई तंबूतच खाली बसले. प्लास्टिकच्या आत त्यांचे ओठ हलताना दिसत होते. ते दुवा मागत होते.

*

ती जुनी बुरशी वाढवायला चार दिवस गेले. मग किरणांनी तिला लुळी केली, म्हणजे ती वाढू शकणार नाही, पण भेटेल त्या आपल्या गोतवाल्याला धागा तेवढा देईल. तिचा फवारा नळीतून रेहानाच्या फुप्फुसात सोडला. मंगळवेढ्याच्या मातीतली १९८६ ची बुरशी मिरजेच्या २०४१ च्या बुरशीला भेटली. सहाव्या दिवशी ताप उतरला. नवव्या दिवशी जुन्या, स्वस्त, कधीपासून अडगळीत पडलेल्या औषधानं काम सुरू केल्याचं रक्तानं सांगितलं. त्या मोसमात त्याच डागातून वाढवलेली बुरशी आणखी एकवीस जणांना दिली गेली.

पण रेहानाच्या डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग गेला तो गेलाच. "आठवडाभर आधी मिळाली असती तर वाचला असता," असं डॉक्टर मगदूम सहज बोलून गेल्या. त्यांना काय ठाऊक. रेहानाला आता भोपळ्याच्या धुळीत बसता येणार नव्हतं. तारा आणि जवारी तेवढी करता येणार होती. मुनाफभाई यावर बहिणीला कधी काही बोलले नाहीत. पहिल्यासारखं बोलायला मात्र त्यांना बरेच दिवस लागले.

सात आठवड्यांनी, निर्जंतुक करून, भोपळा आणि सीलबंद पिशवीतली तबली दुकानात परत आली. सकाळची वेळ. रेहाना खुर्चीत शाल पांघरून बसली होती. मुनाफभाईंनी पिशवी फाडली, तबली सवयीनं उलटी केली, चष्मा सावरला आणि वाचायला सुरुवात केली.

"ता. ९ नोव्हेंबर १९८६. भोपळा नं. १४७, मंगळवेढा. मोरचूद..."

पुढे ते वाचेनात. त्यांनी तबली मुलीपुढे धरली आणि तोंड फिरवलं. रेहानानं सावकाश, एकेक शब्द लावत वाचलं. अक्षर मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाचं, टपोरं.

"'मोरचूद: बिलूचे हात निळे, भोपळा कोरा. आज परत दिलं तर पोरीला कळेल. तसाच बंद केला. वर्षाला एकदा जाऊन बघणे. कीड लागल्यास दोष माझा. दस्तगीर.'"

बिल्किसला ती दुपार दिसत होती. उजेडाकडे धरलेला भोपळा. सदऱ्याला पुसलेला चष्मा. दोन दिवस न वाळवता बसवलेली तबली. एसटीनं हुपरीला जाऊन तीस वर्षं भोपळ्यावर मारलेली ती टकटक. तिला वाटत आलं होतं, की अब्बांचा त्या तानपुऱ्यात जीव आहे. पण दरसाल ते छातीत धडधड घेऊन जात होते, पोरीचं खोटं कुणाच्या हाती तर लागलं नाही ना, हे बघायला. आणि परत येऊन चारचौघांत तिचं कौतुक सांगत होते. ती तिथंच जमखान्यावर बसली आणि पदर तोंडाशी धरून लहान पोरीसारखी रडली. मुनाफभाई उठून आले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले.

मग तिनं डोळे पुसले. "भाईजान, मोरचूद आहे का घरात?"

"असणारच की."

"वाडग्यात करून द्या."

त्यांनी पाणी करून दिलं. दर्प तसाच नाकात चढला, बोटांच्या चिरांत तसंच झोंबलं. बिल्किसनं बोळा बुडवला आणि भोपळा क्रमांक एकशे सत्तेचाळीस आतून पुसला, तळापासून काठापर्यंत, एकदा, आणि वाळल्यावर पुन्हा एकदा. "कोपऱ्यात राहिलंय, फुफू," रेहाना खुर्चीतून बजावत होती. मग रीतीप्रमाणे दोन दिवस भोपळा सावलीत वाळवला.

वाद्य उघडलं की ज्यानं उघडलं, त्यानं तबलीच्या पोटाला, जुन्या ओळीखाली आपली ओळ लिहायची, असा या घराचा रिवाज. तिसऱ्या दिवशी सरस तापत होता. मुनाफभाईंनी तबली आणि पेन्सिल बहिणीच्या हातात दिली. आवाज पहिला राहणार नाही, हे त्या दोघांनाही माहीत होतं. बिल्किसनं अब्बांच्या टपोऱ्या अक्षराखाली जागा बघितली आणि लिहिलं:

'ता. ११ एप्रिल २०४१. मोरचूद दोन हात. हात निळे, भोपळा निळा. बिलू.'